दोन अंकांची जागा

सदाशिव पेठेतल्या ज्या घरात मी तीन वर्षं राहिले, ते घर तीन खोल्यांचं होतं आणि त्यातली सगळ्यात लहान खोली माझी होती. खाली एका डॉक्टरांचा दवाखाना होता आणि समोरच्या इमारतीत टायपिंगचे वर्ग चालत. सकाळी सातपासून खालून लोकांच्या खोकल्याचे आणि समोरून टाइपरायटरच्या खडखडाटाचे आवाज यायचे, आणि या दोहोंच्या मध्ये काकूंच्या कुकरची शिट्टी. घर नाना आणि काकूंचं. त्यांची मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती, तिचीच ही खोली. मी वाशीमकडच्या एका गावातली, शाळामास्तरांची मुलगी. आता देशात बाहेरच्या कंपन्या येणार आणि जिकडे तिकडे कॉम्प्युटर होणार, असं वडिलांनी कुठे तरी वाचलं आणि एका ओळखीच्या माणसाच्या चिठ्ठीवर मला पुण्याला आणून सोडलं. जाताना ते काकूंना म्हणाले, "पोरीले सांभाळा." काकू म्हणाल्या, "सांभाळू. आणि 'पोरीला' म्हणायलाही शिकवू." वडील हसले. मला मात्र रडू आलं.

काकूंचं बोलणं असंच होतं, तिरकं आणि मोजकं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला भाजी आणायला पाठवलं आणि मी मंडईत सांबार मागत फिरले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजीवालीने मला हॉटेलची वाट दाखवली. घरी येऊन सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "बरं झालं, निदान जेवून तरी आलीस का?" त्यांच्या आमटीत गूळ असायचा. पहिले दोन महिने ती गोड आमटी माझ्या घशाखाली उतरेना. मी गावाहून आणलेला ठेचा ताटाच्या कडेला लपवून घ्यायची. एक दिवस काकूंनी काही न बोलता माझ्यासाठी वेगळी वाटी ठेवली, त्यात गुळाशिवायचं, लसणीची फोडणी दिलेलं वरण होतं. तेव्हापासून रोज दोन फोडण्या व्हायला लागल्या. त्याबद्दल ना त्या कधी बोलल्या, ना मी. आज मी स्वतः आमटीत गूळ घालते आणि माझ्या घरच्यांना ती तशीच आवडते, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी दिवा लावल्यावर काकू स्तोत्र वगैरे म्हणत नसत. त्या देवापुढे बसून त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी काही केलं त्यांची नावं घेत. "दूधवाल्याने दूध वर आणून दिलं. खालच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने पत्र वाचून दाखवलं. बसमध्ये एका मुलीने जागा दिली, नाव माहीत नाही." मग नमस्कार. एवढीच त्यांची पूजा. मला सुरुवातीला याचं हसू यायचं. माझी भक्ती वेगळ्या जातीची होती. मी दर मंगळवारी चालत कसब्यातल्या गणपतीला जायची आणि आज माझा प्रोग्रॅम चालू दे, एवढंच मागायची.

कारण प्रोग्रॅम चालत नसे. आज सांगितलं तर मुलांना गंमत वाटते, पण आमच्या कॉलेजात तेव्हा चाळीस मुलांना आठ मशीन होती आणि आठवड्यातून दोनदा एकेक तास मिळायचा. मशीनच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, कारण धुळीने मशीन बिघडतं म्हणे. आत गार हवा, काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. आम्ही सगळे देवळात बोलावं तसे हळू बोलायचो. मी आठवडाभर नाना ज्या शाळेत नोकरीला होते तिथल्या जुन्या सायक्लोस्टाइल कागदांच्या पाठीवर प्रोग्रॅम लिहून काढायची, पुन्हा पुन्हा वाचायची, आणि त्या तासात तो भराभर टाइप करायची. आम्ही शिकत होतो ती कोबॉल नावाची भाषा. तिच्यात वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यावा लागतो. एक पूर्णविराम राहिला की मशीन पानभर चुका दाखवायचं. एकदा मला त्रेचाळीस चुका आल्या. तास संपला, पुढच्या मुलाने खुर्चीला हात लावला आणि मी उठले. घरी येऊन कागद पसरून बसले तर त्रेचाळीस चुकांचं कारण तो एकच ठिपका होता. मी काकूंना म्हणाले, "एका टिंबासाठी चार दिवस गेले." काकू गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "खडाही एकच असतो. दात पडायला तेवढा पुरतो."

नाना कसब्यातल्या एका मुलींच्या शाळेत लेखनिक होते. शाळा साधी होती. आजूबाजूच्या कारागिरांच्या, मजुरांच्या, मोलकरणींच्या मुली तिथे यायच्या. वर्षाच्या शेवटी सगळ्या शाळेचे निकाल नाना एकहाती लिहायचे. शिक्षक गुणांच्या वह्या आणून देत, नाना बेरजा करत, टक्के काढत आणि प्रत्येकीचं प्रगतिपत्रक लिहीत. अक्षर छापल्यासारखं. पण माझ्या शेवटच्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि ते कागद नाकाजवळ धरून लिहायला लागले होते. मला परीक्षेसाठी एक मोठा प्रोग्रॅम करून दाखवायचा होता. मीच म्हणाले, "नाना, यंदा निकाल मी कॉम्प्युटरवर काढते."

नाना लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवस विचार करून म्हणाले, "मोठ्या बाईंना विचारतो." मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना फार आनंद झाला. आपल्या शाळेचा निकाल कॉम्प्युटरवर, हे त्यांनी संस्थेच्या बैठकीतही सांगून टाकलं. त्यानंतर मात्र नानांचा सूर बदलला. ते दवाखान्यात, वाण्याकडे, भेटेल त्याला सांगायला लागले, "आमची वंदना करते आहे. एक बेरीज चुकायची नाही." मी त्यांची कुणी नव्हते, भाडं देऊन राहणारी मुलगी होते. 'आमची' हा शब्द ऐकून मला जे वाटायचं ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

प्रोग्रॅम लिहिताना आधी मशीनला सांगावं लागतं की कुठल्या गोष्टीला किती जागा हवी. नावाला तीस अक्षरं, हजेरी क्रमांकाला दोन अंक, प्रत्येक विषयाच्या गुणांना दोन अंक. हे मी एका दुपारी, समोरच्या टाइपरायटरच्या आवाजात, पाच मिनिटांत लिहून टाकलं आणि पुढे गेले. टक्के काढायचा भाग मला फार छळत होता, सगळं लक्ष तिकडे होतं. तो भाग सुटला त्या मंगळवारी मी गणपतीला पेढे नेले. मग कॉलेजच्या सरांकडून जादा तास मागून घेऊन शाळेच्या वह्यांमधले गुण टाइप केले. शेकडो मुली, सात-सात विषय. बोटं चालत होती, डोकं नाही. एप्रिलच्या अखेरीला निकाल छापून निघाले. छापखान्यासारख्या खरखर आवाजात ते लांबच लांब कागद बाहेर आले, कडेच्या भोकाच्या पट्ट्या मी एकेक करून फाडल्या. मोठ्या बाईंनी मला शाल आणि नारळ दिला. नानांनी टाळ्या वाजवल्या.

माझी तोंडी परीक्षा त्यानंतर तीन आठवड्यांनी झाली. बाहेरून आलेले परीक्षक किडकिडीत होते, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी माझा प्रोग्रॅम शांतपणे चाळला.

"शाळा खरी आहे?"

"हो सर. निकालसुद्धा यावरच लागला."

"छान. एखादीला शंभर पडले तर?"

मी हसले. हे मला स्पष्ट आठवतं. "सर, त्या शाळेत कुणाला शंभर पडत नाहीत."

"हे शाळेने सांगितलं, की तुम्ही ठरवलंत?"

त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि गणिताच्या जागी शंभर टाइप केले. पडद्यावर दोन शून्यं उमटली आणि खाली नापासचा शेरा आला. "तुम्ही त्याला दोनच अंक ठेवायला सांगितलेत," ते म्हणाले. "त्याने पहिला टाकून दिला. यंत्र अगदी आज्ञाधारक असतं." मग त्यांनी कागदावर सही केली, मला बरे गुण दिले आणि पुढच्या मुलाला हाक मारली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मी कॉलेजपासून घरापर्यंत चालत आले. बसमध्ये बसून राहणं मला जमलं नसतं. मे महिन्याचं ऊन होतं. सगळ्या वाटेवर मी स्वतःला समजावत होते की त्या शाळेत कुणाला शंभर पडलेच नसतील, आणि प्रत्येक वेळी मला परीक्षकांचा तोच प्रश्न ऐकू येत होता. नाना घरी वर्तमानपत्र नाकाशी धरून बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खुंटीवरून शाळेच्या किल्ल्या घेतल्या, टोपी घातली आणि जिना उतरायला लागले.

शाळेला सुट्टी होती. कार्यालयात कोंदट वास येत होता. आम्ही एकेका इयत्तेच्या वह्या काढून पाहायला लागलो. पाचवीपासून आठवीपर्यंत काही नव्हतं, आणि माझा जीव जरा भांड्यात पडायला लागला. नववी 'ब'च्या वहीत नानांचं बोट थांबलं. गणिताच्या बाईंनी लाल शाईने शंभर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या बाई परीक्षा तपासून बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या, म्हणून निकालाच्या दिवशी विचारणारं कुणी नव्हतं. मुलीचं नाव शैला. शेकडो मुलींमध्ये ती एकटीच. माझ्याच बोटांनी तिचे शंभर टाइप केले असणार, आणि मला ते जराही आठवत नव्हतं.

नाना खुर्चीवर बसले. "ही आली होती," ते म्हणाले. "निकालाच्या दुसऱ्या दिवशी. या खिडकीशी उभी राहिली. म्हणाली, नाना, माझं गणित बघा ना, मला शून्य नाही पडणार."

"मग?"

"मी म्हटलं, बाळ, एक वेळ मी चुकेन, कॉम्प्युटर चुकत नाही." त्यांनी वहीवर हात ठेवला. "वही इथेच होती. या कपाटात. उठून बघायचं होतं फक्त."

"नाना, चूक माझी आहे."

"तुझी आहेच. माझीही आहे. चल, ऊठ."

शैलाचे वडील तांबट आळीत एका कारखान्यात घण मारायला होते. तिथे पाऊल टाकलं की आवाजाने कान बंद होतात. दोन्ही बाजूंना तांब्याचे हंडे, बंब, पातेली ठोकणारे लोक, आणि प्रत्येकाचा ठोका वेगळा. नानांनी विचारत विचारत त्यांना शोधलं. ते हात पुसत बाहेर आले. रुंद खांद्यांचा, घामाने भिजलेला माणूस. मी बोलायला लागले, पण त्यांना ऐकू जाईना. त्यांनी कानाला हात लावला. मी आवाज चढवला, तरी नाही. तेव्हा दाराजवळ बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराने हातोडा खाली ठेवला, त्याला पाहून पलीकडच्याने ठेवला, आणि समोरच्यांनीही. मी ओरडतच होते, त्यामुळे त्या अचानक पडलेल्या शांततेत माझं वाक्य सगळ्या आळीला ऐकू गेलं. "शैला नापास नाही. तिला गणितात शंभर आहेत. माझी चूक झाली."

म्हाताऱ्या कारागिराने विचारलं, "कितीपैकी शंभर?"

"शंभरपैकी."

शैलाचे वडील पायरीवर बसले. मी शिव्यांची वाट पाहत होते, त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "ती सांगत होती. रोज सांगत होती. पण बाई, कॉम्प्युटरनं काढलेलं म्हटल्यावर मी पोरीचं कसं ऐकू? मी तिला खोटारडी म्हटलं." त्यांनी तिला हडपसरला आपल्या बहिणीकडे धाडलं होतं. बहिणीचा भाजीचा मळा होता, तिथे हाताला काम होतं. यंदापासून शाळा बंद, असं ठरलं होतं. नाना म्हणाले, "उद्या आम्ही जातो. तिला आम्हीच सांगतो." शैलाचे वडील म्हणाले, "मीपण येतो." मग म्हणाले, "नको. आधी तुम्ही जा. माझ्यानं तिच्यासमोर उभं नाही राहवणार."

घरी आलो तेव्हा काकू दिवा लावत होत्या. मी माझ्या खोलीत जाऊन दार लोटून बसले. त्यांनी हाक मारली. मी म्हणाले, "काकू, आज मला देवासमोर बसवत नाही." त्या दारात आल्या. नानांनी त्यांना एव्हाना सगळं सांगितलं असावं.

"त्या परीक्षकांचं नाव काय?"

"माहीत नाही."

"मग नुसतं 'परीक्षक' म्हण. त्यांनी विचारलं नसतं तर ती पोर जन्मभर भाजीच्या जुड्या बांधत बसली असती, आणि तू शाल पांघरून बसली असतीस. ये."

मी गेले. त्यांच्याशेजारी बसले आणि पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले, परीक्षकांनी प्रश्न विचारला. काकूंनी माझ्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. त्यांनी आपली यादी सुरू केली, दूधवाल्यापासून. त्या दिवसानंतर मी गणपतीकडे प्रोग्रॅम चालू दे असं मागणं सोडलं. पुढे मी पंचवीसेक वर्षं याच धंद्यात काढली, माझ्या हाताखाली मुलं आली, आणि माझ्या कामातली चूक दाखवणाऱ्या प्रत्येकाचं नाव मी संध्याकाळी घेत आले आहे. काही जणांची नावं घेताना दात-ओठ खाल्ले, पण घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हडपसरची बस धरली. आज तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यातल्याच एकीत मी नोकरीची शेवटची आठ वर्षं काढली. तेव्हा थांब्यावर उतरलं की दहा मिनिटांत मळे लागायचे. शैला पत्र्याच्या शेडखाली आपल्या आत्याबरोबर पालकाच्या जुड्या बांधत बसली होती. बारीक चणीची, दोन वेण्या वर बांधलेल्या. नानांना पाहून ती उभी राहिली, पण हातातली जुडी तिने सोडली नाही.

"काय झालं, मास्तर?" आत्याने विचारलं. "पोरगी गुणाची हाय. काय कागाळी हाय का तिची?"

"कागाळी माझी आहे," नाना म्हणाले. ते शैलाकडे वळले. "बाळ, तुला शंभर आहेत. वहीत आहेत. तू आलीस तेव्हा मी वही उघडली नाही."

मला वाटलं ती रडेल किंवा हसेल. तिने जुडीला सुतळीचा शेवटचा वेढा दिला, गाठ मारली आणि जुडी ढिगावर ठेवली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

आत्याला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिने आम्हाला शेडमधल्या बाजेवर बसवलं, चहा टाकला आणि मळ्यातलं काम सोडून जाणाऱ्या भाचीकडे बघून म्हणाली, "तरी म्हनलं, ही हिशेब माझ्या आधी कशी सांगती." नानांनी शाळा सुरू व्हायच्या आत शैलाचं प्रगतिपत्रक नव्याने, हाताने लिहून दिलं, मोतीबिंदूच्या डोळ्याने, आणि त्याला त्यांना आख्खी दुपार लागली. ती दहावीला बसली. शंभर पडले नाहीत, पण चांगले पडले, आणि पुढे ती मुलींच्या तंत्रनिकेतनात गेली, एवढं मला नानांच्या पत्रातून कळलं. त्यानंतरचं ठाऊक नाही. ती माझी मैत्रीण झाली नाही, व्हावी अशी माझी अपेक्षाही नव्हती.

त्या सकाळी मात्र ती आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला आली. नाना सावलीच्या कडेने पुढे चालले होते. मी आणि ती मागे होतो. तिने विचारलं, "शंभराचं शून्य कसं झालं?" मी तिला सांगितलं. अंकांची जागा, दोन घरं, पहिला अंक गळतो. तिला ते पहिल्या झटक्यात समजलं, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा लवकर. मग ती म्हणाली, "पण तुम्ही दोनच का ठेवले? पेपर तर शंभराचा असतो."

घाईत राहिलं, असं सांगता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. बस लांबून दिसायला लागली होती. मी म्हणाले, "मला वाटलं नाही, तुमच्या शाळेत कुणाला शंभर पडतील."

ती रागावली नाही. "मलापण वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "शेवटचं गणितपण सुटलं तेव्हा मला खरं वाटेना. म्हणून मी सगळा पेपर तीनदा तपासला." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तपासलं नव्हतंत?"

"नाही."

"तपासायचं," ती म्हणाली, आणि जुड्या बांधायच्या पडल्या होत्या म्हणून परत फिरली.